रुग्णशय्येच्या उशाशीं

ज्येष्ठाच्या वद्य पक्षांत देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी पुण्यांतील मुक्काम आटोपून सोलापूरच्या रस्त्याला लागते. हडपसरपाशीं ज्ञानोबामाउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते, आणि तुकोबारायांची पालखी तशीच पूर्वेकडे जाऊन लोणी काळभोर येथें रात्रीपुरती विसावते. पुण्यापासून सुमारें २० किलोमीटरांवरचें, हवेली तालुक्यांतलें हें गांव त्या दिवशीं ओळखूं येत नाहीं. वाटेवर जागोजाग मांडव पडलेले असतात. कोणी वारकऱ्यांचे पाय चेपीत असतो, कोणी फोडांना मलम लावीत असतो, कोणी ताप पाहून गोळ्या देत असतो.

अशा एका मांडवाचें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. सत्तरीच्या घरांतला एक माळकरी शेतकरी छातींत कळ आली म्हणून तेथें आणला जातो. त्याला तांतडीनें रुग्णालयांत हलवितात. छातीचें क्षकिरण-चित्र काढावयाचें म्हणून परिचारिका घाईघाईनें सांगते, “बाबा, गळ्यांतली माळ काढून ठेवा.” म्हातारा दोन्ही हातांनीं माळ घट्ट धरतो. आतांपर्यंत निमूटपणें सर्व करूं देणारा हा माणूस एकाएकीं ‘मला घरीं जाऊं द्या’ म्हणूं लागतो. तेवढ्यांत दुसरी परिचारिका पुढें होते आणि म्हणते, “माळ काढायची नाही, बाबा. आपण ती फक्त हनुवटीपर्यंत वर धरू. तुमच्या गळ्यातून ती निघणार नाही.” म्हातारा शांतपणें यंत्रापुढें उभा राहतो.

पहिल्या परिचारिकेनें कांहीं अपराध केला असें नाहीं. तिला जसें शिकविलें तसें ती वागली. परंतु गळ्यांत माळ घातली त्या दिवसापासून ती देहावेगळी करावयाची नसते, हें दुसरीला ठाऊक होतें. किंवा ठाऊक नसलें तरी म्हाताऱ्याच्या मुठी कां आवळल्या हें पाहण्याइतकी तिची नजर मोकळी होती. या दोन परिचारिकांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहतां तो किरकोळ वाटेल. पण पुष्कळदां उपचार लागू पडणें न पडणें या अंतरावर अवलंबून असतें.

आमच्या घरांतील एक अनुभव येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं माझ्या सासूबाई रात्रीं न्हाणीघराच्या वाटेवर पडल्या व मांडीचें हाड मोडलें. त्या वेळीं त्यांचें वय ८१ वर्षांचें होतें. शहरांतील एका चांगल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं अन्न घेणें सोडलें. सकाळीं सात वाजतां न्याहारीचें ताट येई आणि तसेंच परत जाई. कागदावर नोंद झाली, ‘रुग्ण सहकार्य करीत नाहीं.’ आम्हीं सर्वांनीं, म्हणजे मुलांनीं, सुनांनीं, नातवंडांनीं, आळीपाळीनें त्यांची समजूत घातली. “आई, खाल्ल्याशिवाय औषध कसं द्यायचं?” हा एकच प्रश्न दहा तोंडांनीं दहा वेळां विचारला गेला. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

तिसऱ्या रात्रीं पाळीवर एक तरुण परिचारिका आली. हवेलीकडच्याच एका शेतकऱ्याची ती मुलगी. तिनें ताटाचा विषयच काढला नाहीं. खाटेशीं स्टूल ओढून ती बसली आणि म्हणाली, “आजी, घरी सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता, ते मला सांगा बघू.” सासूबाईंनीं प्रथम तिच्याकडे नुसतें पाहिलें. मग बोलूं लागल्या. पहाटेचें उठणें, स्नान, तुळशीला पाणी, देवांची पूजा, मग चहा. साठ वर्षांत त्यांनीं स्नानावांचून तोंडांत अन्नाचा कण घातला नव्हता; आणि येथें त्यांना पारोशा अंगानें, अंथरुणावर बसून खा म्हणत होते. खाणें नको होतें असें नाहीं. तसें खाणें नको होतें.

दुसऱ्या दिवशीं सहा वाजतां त्या मुलीनें कोमट पाण्यानें त्यांचें अंग पुसून दिलें, धुतलेलें पातळ गुंडाळलें, उशाशीं देवाची लहानशी तसबीर ठेविली आणि वाटीभर पाण्यांत तुळशीचें पान घालून त्यांच्या हातीं दिलें. न्याहारी अर्ध्या तासानें मागें गेली, इतकेंच. ताट रिकामें परत गेलें.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. त्याच रात्रीच्या बोलण्यांत आणखी एक गोष्ट बाहेर आली. सासूबाईंना वर्षभर लघवी आवरत नव्हती. त्यासाठीं त्या रात्रीं अंधारांतून घाईनें उठत. तशाच घाईंत त्या पडल्या होत्या. संध्याकाळनंतर पाणी पिणेंहि त्यांनीं सोडलें होतें. हें त्यांनीं आमच्यापैकीं कोणालाहि सांगितलें नव्हतें. “मुलाला असलं काय सांगायचं? आणि सुनांना सांगितलं तर घरभर होणार,” असें त्या तिला म्हणाल्या. मी दाराशीं उभी होतें. मला तें ऐकूं आलें. चौदा माणसांचें आमचें घर. त्यांच्या औषधांच्या वेळा आम्हां सर्वांना पाठ होत्या. पण वर्षभरांत त्यांच्याजवळ दहा मिनिटें बसून ‘तुम्हांला काय होतें?’ असें विचारून, उत्तर येईपर्यंत थांबलेलें आमच्यांत कोणीहि नव्हतें.

आपल्या आयुर्वेदानें चिकित्सेचे चार पाद मानिले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चरकसंहितेंत परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत ते असे: उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. रोग्याच्या गुणांतहि एक गुण मोठा मार्मिक आहे. आपल्याला काय होतें तें सांगतां येणें, हा तो गुण. सांगणारा तेव्हांच सांगतो, जेव्हां ऐकणारा भेटतो, हें मात्र आपण विसरलों.

विसरल्याचें फळ पुण्यानें एकदां फार कडू चाखलें आहे. १८९६ च्या अखेरीस पुण्यांत प्लेग शिरला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे सोजीर घरोघर तपासणी करूं लागले. रोगी वेगळा काढावा, घर स्वच्छ करावें, हे उपाय त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें अगदींच चुकीचे नव्हते. खुद्द लोकमान्य टिळकांचाहि विलगीकरणाच्या तत्त्वाला विरोध नव्हता. पण सोजीर बुटांसह स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरले, बायकामाणसांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या, आणि लोक रोग्यांना लपवूं लागले. जो उपाय लोकांना रोगाहून भयंकर वाटतो तो रोग हटवीत नाहीं, पसरवितो. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. लोकमान्यांनीं व इतरांनीं पुढाकार घेऊन हिंदूंसाठीं निराळें प्लेगचें इस्पितळ काढलें, तें लोकांना उपचारापर्यंत आणावें म्हणूनच.

त्याच साथींत, ज्या हडपसरावरून पालखी लोणी काळभोरास जाते त्या हडपसराजवळ, सावित्रीबाई फुले यांनीं व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनीं रोग्यांसाठीं दवाखाना चालविला होता. मुंढव्याकडील वस्तींतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यांत आल्या. तो संसर्ग त्यांना भोंवला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. एकाच शहरांत, एकाच वर्षीं, एकाच रोगावर शुश्रूषेच्या या दोन तऱ्हा दिसल्या. एका ठिकाणीं रोग्याला घरांतून ओढून काढीत होते. दुसऱ्या ठिकाणीं त्याला पाठीवर घेऊन येत होते.

आमच्या वर्गाच्या घरांतहि हा प्रश्न नवा नाहीं. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. पुढें १८८३ मध्यें बंगालमधील श्रीरामपूर येथें भाषण करून, आपण अमेरिकेस कां जातों हें त्यांनीं सांगितलें. स्त्रियांचें दुखणें ऐकावयास स्त्री-डॉक्टर हवी, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. १८८६ मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, तेव्हां प्रबंधाचा विषयहि हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हाच निवडला होता. परदेशीं जाऊन परकें शास्त्र शिकतांना आपल्या घरांतल्या बाळंतिणीची खोली त्यांच्या नजरेआड झाली नाहीं.

रमाबाई रानडे यांनीं १९०९ पासून पुण्यांत सेवासदनाचें काम उभारलें व ससून रुग्णालयांत स्त्रियांना परिचर्येचें शिक्षण मिळण्याची सोय केली. त्या वेळीं विरोध कोणी केला? परक्यांनीं नव्हे. ‘कोणाच्याहि जातीच्या रोग्याचें मलमूत्र आमच्या घरच्या विधवेनें काढावयाचें काय?’ असें विचारणारे आपलेच वाडवडील होते. आजहि आपण मुलगी डॉक्टर झाली म्हणजे पेढे वांटतों. ती परिचारिका होतें म्हणाली तर गप्प बसतों. आणि मग रुग्णालयांत केरळची मुलगी आपल्या आजीची भाषा जाणत नाहीं म्हणून कुरकुर करतों! आपले आईबाप सोडून, हजार मैलांवर येऊन, मोडक्यातोडक्या मराठींत ‘आजी, दुखतें का?’ विचारणाऱ्या त्या मुलीच्या मनाचा विचार मात्र कोणी करीत नाहीं.

या सर्व अनुभवाला शास्त्राचें रूप देण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं मॅडलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिकेकडे जातें. १९५० नंतरच्या दशकांत मानसिक दुखणें असलेल्या मुलांची शुश्रूषा करीत असतां तिच्या ध्यानांत आलें कीं, निरनिराळ्या समाजांतून आलेलीं मुलें एकाच उपचाराला निरनिराळा प्रतिसाद देतात. जेवण, झोंप, स्पर्श, रडणें या प्रत्येक बाबतींत त्यांची अपेक्षा वेगळी. तेव्हां ती मानववंशशास्त्र शिकली, न्यू गिनींतील गॅडसप लोकांत जाऊन राहिली, आणि परिचर्येची एक नवी शाखाच तिनें उभी केली. २०१२ मध्यें ती वारली. पण तिनें सांगितलेली त्रिविध रीति आज परिचर्येच्या विद्यार्थ्यांना शिकवितात. ती इतकी व्यवहार्य आहे कीं कोणत्याहि गृहिणीला ती तत्काळ पटावी.

पहिली रीति जतनाची. जी चाल निरुपद्रवी किंवा हितकारक आहे ती जशीच्या तशी राखावी. वारकऱ्याची माळ, सासूबाईंचें स्नान, बाळंतिणीच्या उशाशीं बसणारी तिची आई, हीं या सदरांत येतात. यांना हात लावण्यांत शास्त्राचा लाभ कांहींच नाहीं आणि रोग्याची हानि मात्र मोठी आहे.

दुसरी रीति तडजोडीची. मधुमेहाच्या रोग्याची एकादशी हें तिचें उत्तम उदाहरण होय. ‘उपवास करूं नका’ असें दरडावून सांगितलें तर रोगी मान डोलावतो आणि चोरून उपवास करतो. मग औषध चालू आणि पोट रिकामें, अशा स्थितींत रक्तांतील साखर एकदम उतरून तो घेरी येऊन पडतो. नाहीं तर साबुदाणा, बटाटा व रताळें यांवर ताव मारतो आणि साखर चढते. जी परिचारिका विचारते, ‘उपवासाला तुम्ही काय घेतां? किती वाजतां घेतां?’ तिला खरें उत्तर मिळतें. मग निर्जळी न करितां वेळच्या वेळीं थोडें घेणें, साबुदाण्याऐवजीं राजगिरा, दही, ताक यांकडे वळणें, आणि औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारून आधींच ठरविणें, अशी वाट काढतां येते. रमजानच्या रोज्यांनाहि हाच न्याय लागू आहे.

तिसरी रीति पालटाची. कांहीं चाली घातकच असतात. बाळंतिणीचें पहिलें पिवळसर दूध, म्हणजे चीक, ‘वाईट’ म्हणून पिळून टाकावयाचें आणि बाळाच्या तोंडांत मध घालावयाचा, ही चाल आपल्या पुष्कळ घरांत होती. बाळाला जन्मानंतर तासाभराच्या आंत अंगावर घ्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण त्या चिकांत रोगाशीं झुंजण्याची शक्ति असते. बंद खोलींत शेगडीचा धूर कोंडणें हेंहि तसेंच. या चाली बदललेच पाहिजेत. पण त्या बदलावयाच्या असतील तर घरांतल्या आजीला अडाणी म्हणून बाजूस सारून भागत नाहीं. तिला मानानें शेजारीं बसवून, तिच्याच तोंडून सुनेला सांगवावें लागतें.

कोणती चाल कोणत्या सदरांत घालावयाची, हें ठरविण्यासाठीं संशोधन लागतें. हें संशोधन प्रयोगशाळेंत होत नाहीं. संशोधन करणारी परिचारिका रोग्याजवळ बसते. ‘तुम्हांला बरें वाटतें का?’ असा होय-नाहींचा प्रश्न ती विचारीत नाहीं; ‘येथें आल्यापासूनचा दिवस कसा जातो, तें सांगा’ असें म्हणते. रोग्याची संमति घेऊन त्याचें बोलणें त्याच्याच शब्दांत टिपून ठेवते. अनेकांचीं अशीं निवेदनें पुनःपुन्हां वाचून त्यांत कोणतें दुःख वारंवार डोकावतें तें निवडून काढते, आणि शेवटीं आपण काढलेला अर्थ बरोबर आहे कीं नाहीं हें रोग्यालाच विचारून पाहते. आंकड्यांनीं रोग किती जणांना आहे तें कळतें. निवेदनांनीं तो सोसणें म्हणजे काय तें कळतें. दोहोंची गरज आहे.

महाराष्ट्रांत याचें सर्वांत उज्ज्वल उदाहरण गडचिरोलीचें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हें दांपत्य १९८६ मध्यें तेथें कामास गेलें. आदिवासी लोक रुग्णालयांत येत नाहींत, याचा दोष लोकांना न देतां त्यांनीं लोकांनाच कारण विचारलें. उत्तरें विचार करावयास लावणारीं होतीं. मोठ्या इमारतींत आम्ही हरवतों. रोग्याला आंत नेतां आणि आम्हांला बाहेर ठेवतां. तुमचे डॉक्टर व नर्सा पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढरें वस्त्र प्रेताला गुंडाळतों! तेव्हां शोधग्राम येथें आदिवासी वस्तीसारख्या झोंपड्यांचें रुग्णालय बांधलें, नातेवाइकांना रोग्याजवळ राहण्याची सोय केली, आणि दंतेश्वरी देवीचें नांव त्याला दिलें.

याच कामांतून डॉ. राणी बंग यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अहवाल १९८९ मध्यें ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय पत्रांत आला. शंभरांपैकीं ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. परंतु त्यासाठीं पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत केवळ ८ होत्या. हा आंकडा वाचून सुशिक्षित वाचक हळहळतील आणि ‘बिचाऱ्या खेडवळ बायका!’ म्हणतील. त्यांनीं कृपा करून आपल्या माजघरांत डोकावावें. माझ्या सासूबाई पदवीधर मुलांच्या आई होत्या, आणि त्याहि वर्षभर बोलल्या नव्हत्या. राणीताईंनीं बायकांच्या या मनोगतावर लिहिलेल्या मराठी पुस्तकाचें नांव ‘कानोसा’ असें आहे. याहून समर्पक नांव सुचणें कठीण.

आतां एका अवघड प्रश्नाला भिडलें पाहिजे. रोग्याच्या चालीरीति सांभाळावयाच्या म्हणजे त्याचे सर्व ग्रह सांभाळावयाचे काय? सासूबाईंची तुळस सांभाळली तें ठीक, पण चौथ्या दिवशीं त्यांनीं त्या मुलीला हळूच विचारलें, “त्या सकाळच्या बाईची जात काय ग? तिच्या हातचं पाणी मला नको.” मी शरमेनें खालीं पाहिलें. खरें सांगावयाचें तर हा प्रश्न त्या आमच्याच घरांत शिकल्या होत्या, आणि आम्हीं तो कधीं खोडला नव्हता. ती मुलगी चिडली नाहीं, उपदेशहि केला नाहीं. ती इतकेंच म्हणाली, “आजी, इथे पाणी त्याच देतात आणि त्याच देणार. त्यांचे हात माझ्यासमोर साबणाने धुतलेले असतात. तुम्ही पडलात तेव्हा तुम्हाला उचलून खाटेवर ठेवणाऱ्या त्याच होत्या.” सासूबाई पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. दुपारीं तहान लागली तेव्हां त्यांनीं पेला मागितला व त्या बाईच्या हातूनच घेतला.

रोग्याची चाल त्याच्या स्वतःच्या देहाला व मनाला आधार देते तोंवर ती जतन करावी. ती दुसऱ्या माणसाचा मान हिरावून घेऊं लागली कीं तेथें थांबावें, ही सीमा त्या चोवीस वर्षांच्या मुलीनें कोणत्याहि व्याख्यानाशिवाय आंखून दाखविली. तिला जें जमलें तें रुग्णालयांना धोरण म्हणून कां जमूं नये?

लोणी काळभोरसारख्या गांवाला तर याची विशेष निकड आहे. येथें जुनीं शेतकरी घराणीं आहेत, वारकरी आहेत, तेलाच्या डेपोंमुळें ट्रकवाल्यांची सतत वर्दळ आहे, परप्रांतांतून आलेले कामकरी आहेत, महाविद्यालयांत शिकणारीं दूरदेशचीं मुलें आहेत. विश्वराजसारखें मोठें रुग्णालयहि आतां याच गांवांत आहे. सोलापूर रस्त्यावरच्या रुग्णालयांत एका खाटेवर माळकरी, दुसरीवर बिहारचा मजूर आणि तिसरीवर रोजा धरलेली स्त्री असें दृश्य सहज दिसावें. अशा ठिकाणीं एका परिचारिकेवर पुष्कळ रोग्यांचा भार टाकून ‘तूं प्रत्येकाशीं प्रेमानें बोल’ असें सांगणें हा अन्याय आहे. ऐकण्यास वेळ लागतो. वेळासाठीं माणसें लागतात. माणसांना पुरेसें वेतन लागतें. हा खर्च औषधाच्या खर्चाइतकाच आवश्यक समजला पाहिजे.

पण रुग्णालय सुधारेपर्यंत आपण हात जोडून बसावयाचें कारण नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत रोग्याच्या उशाशीं माणसांची वाण नसते. वाण असते ती ऐकणाऱ्याची. घरांतील वडीलधारें माणूस रुग्णालयांत नेतांना त्याच्या औषधांच्या यादीबरोबरच त्याच्या दिनचर्येची चार ओळींची टीप परिचारिकेच्या हातीं द्यावी: केव्हां उठतात, काय खात नाहींत, कोणाच्या देखत बोलायला संकोचतात. आणि ही टीप लिहिण्यापूर्वीं त्यांनाच विचारावें. आपल्याला सर्व ठाऊक आहे असें समजूं नये. मीं तसें समजलें होतें.

सासूबाई घरीं आल्या त्या दिवशीं आम्हीं त्यांच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रीचा लहान दिवा लावला, भिंतीला धरावयास दांडी ठोकली आणि खाटेखालीं झांकणाचें भांडें ठेविलें. फारसा खर्च आला नाहीं. संध्याकाळीं त्यांनीं तांब्याभर पाणी मागून घेतलें आणि निवांतपणें प्यालें. वर्षभरांत प्रथमच.